वेंगुर्ल्यात बघूक काय आसा?

हा प्रश्न फक्त बाहेरून आलेला पर्यटक विचारत नाही, आपणही विचारतो. एसटी स्टँडवर उतरलेल्या माणसाने "इथे काय पाहण्यासारखं आहे?" म्हटलं की रिक्षावाल्यापासून लॉजच्या मालकापर्यंत सगळे त्याला गावाबाहेरचा रस्ता दाखवतात. सकाळी मालवण करा, किल्ला बघा, दुपारी तारकर्ली, उद्या गोवा. वेंगुर्ला म्हणजे या दोहोंच्या मधलं जेवणाचं ठिकाण. सुरमईची थाळी, वर सोलकढी, आणि गाडी पुढे.

माझं म्हणणं असं आहे की वेंगुर्ल्यात एक अख्खा दिवस पाहण्यासारखं भरपूर आहे, कदाचित दोन दिवसांचंही. कमतरता आहे ती उघडं ठेवण्याची, सांगण्याची आणि जोडून देण्याची. ही कामं स्वस्त आहेत, म्हणून ती कोणालाच मोठी वाटत नाहीत. आपल्याकडे पर्यटन म्हणजे प्रकल्प. भूमिपूजन करता येत नाही ते पर्यटन नव्हे.

या गावाला मोठेपण मिळालं ते सीमेमुळे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. डच लोक 1637 च्या सुमारास इथे आले ते काही समुद्रकिनारा सुंदर आहे म्हणून नाही. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर पोर्तुगीजांचा गोवा होता, आणि गोव्याच्या तोंडाशी जहाजं उभी करून त्याची कोंडी करायची तर जवळ एक बंदर हवं होतं. पाणी, शिधा, बातम्या आणि माणसं पुरवणारं. वेंगुर्ला तेच काम करत होतं. मुलूख आदिलशाहीचा, अंमल सावंतांचा, वखार डचांची, शेजार पोर्तुगीजांचा, आणि काही दशकांतच शिवाजी महाराजांचं सैन्य या टापूत. पुढे 1812 मध्ये सावंतवाडीकडून हे बंदर इंग्रजांनी घेतलं. तेव्हापासून 1961 च्या डिसेंबरापर्यंत वेंगुर्ला म्हणजे एका साम्राज्याचं टोक आणि दुसऱ्या साम्राज्याचा उंबरा.

मग या गावाला झोप का लागली? तीही सीमेचीच गोष्ट. आंबोली घाटातून बेळगावला जाणारा रस्ता चांगला झाल्यावर देशावरचा माल वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरू लागला होता. 1880 च्या दशकात पोर्तुगीजांच्या मुलखातून मुरगावला रेल्वे आली आणि तो माल सरहद्दीपलीकडे वळला. शंभरएक वर्षांनी मुंबईची आगबोटही बंद झाली. कोकण रेल्वे आली ती आत सावंतवाडी-कुडाळकडून गेली. आता विमानतळ दोन झाले. चिपीचा, जो आपल्याच तालुक्यात आहे आणि 2021 मध्ये वाजतगाजत सुरू झाला. आणि मोपाचा, जो सीमेच्या पलीकडे आहे आणि जिथे खरोखर विमानं उतरतात. दीडशे वर्षांत फरक म्हणाल तर मालाच्या जागी माणसं आली एवढाच. मोपाला उतरलेली माणसं दक्षिणेला जातात. त्यातली काही उत्तरेला वळली तर ती मालवणपर्यंत थांबत नाहीत.

आता ती डच वखार पाहा. गावातच आहे. जांभ्या दगडाच्या जाड, उंच भिंती, दोन मजल्यांची उंची, छप्पर कधीच गेलेलं, भिंतींच्या सांध्यांत वडा-पिंपळाची मुळं. पावसाळ्यात आत पाऊल टाकायचं तर आधी काठीने गवत बाजूला करायचं. वास्तू राज्य संरक्षित आहे. संरक्षित स्मारकांवर जो निळा फलक असतो तो तुम्हाला एकच गोष्ट नीट समजावतो, की मोडतोड केलीत तर शिक्षा काय होईल. इथे कोण राहत होतं, माल कोणता ठेवत होते, तोफा कुठे रोखलेल्या असतील, गोव्याची कोंडी करणाऱ्या जहाजांना इथून काय जात होतं, यातलं काहीही कळायचा मार्ग नाही. तेव्हा शाळेची सहल येते, मुलं भिंतीला हात लावतात, गुरुजी हजेरी घेतात, सहल जाते. कोणी म्हणेल, पडक्या भिंती बघायला कोण येणार? रायगडावर तरी काय शिल्लक आहे? तिथे सांगणारा माणूस आहे, हा फरक आहे.

याउलट एक गंमत सांगतो. याच गावात काही वर्षांपूर्वी एक जागा पाहायला राज्यभरातून नगरसेवक, अधिकारी, विद्यार्थी गाड्या भरभरून येत होते. ती जागा म्हणजे कचरा डेपो. कॅम्प भागातलं डम्पिंग ग्राउंड नगरपरिषदेने साफ करून तिथे बाग केली, घराघरांतून कचरा वेगळा करून घेतला, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले, ओल्या कचऱ्याचं खत आणि गॅस केला. ज्या रस्त्याने नाकाला रुमाल लावून जायचं, तिथे लोक फोटो काढू लागले. हे जमलं कारण जागा स्वच्छ होती, ठरलेल्या वेळी उघडी होती आणि प्रत्येक टप्प्यावर "हे असं का केलं" सांगणारा माणूस उभा होता. कचऱ्याच्या बाबतीत जे जमलं ते पावणेचारशे वर्षांच्या वखारीच्या बाबतीत जमू नये, याचं उत्तर मला तरी निधीत सापडत नाही.

दुसरं उदाहरण मांडवी खाडीचं. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवनाची सफर चालवतात. ज्यांची घरं मासेमारीवर चालतात अशा बायका. वल्ही मारतात त्याच, माहिती देतात त्याही त्याच. होडी मुख्य पात्रातून बाजूच्या फाट्यात शिरली की आवाज बदलतो. बंदरावरचा गलबला मागे राहतो आणि वल्ह्याचा पाण्यातला आवाज तेवढा उरतो. भरती-ओहोटीचा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. कांदळाचं बी झाडावर असतानाच कसं रुजतं, कोंब घेऊनच चिखलात कसं उभं पडतं, खेकडा कुठल्या बिळात आहे, कोणत्या झाडाच्या पानावर मीठ जमतं (जिभेला लावून बघा म्हणतात), खंड्या कुठे बसतो, हे सगळं त्या अशा सांगतात की पुण्या-मुंबईचं पोर मोबाइल खिशात ठेवतं. या सफरीसाठी गावात कोणाची जमीन गेली नाही, डोंगर कापला गेला नाही. होड्या, लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षण लागलं, एवढंच. आणि पैसा थेट त्या बायकांच्या हातात.

हे दोन्ही दाखले गावातले असूनही धोरणात त्यांना जागा नाही. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून जी चर्चा आहे ती खोल्यांची. किती खोल्या, किती तारांच्या. शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमिनी घेतल्या. त्यावरून गावात जे वाद झाले त्यात एक पिढी म्हातारी झाली. निवतीच्या समुद्रात पाणबुडीतून पर्यटन होणार अशी घोषणा 2018 ची. मग ती पाणबुडी गुजरातला चालली म्हणून राज्यभर रणकंदन. आता नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार समुद्रतळाशी बसवून तिच्याभोवती पाण्याखालचं संग्रहालय करायचं चाललं आहे. होईल, चांगलंच होईल. माझा विरोध जहाजाला नाही. पण पंचवीस-तीस वर्षं आपण जे यायचं आहे त्याची वाट बघतो आणि जे आहे त्याला वाळवी लागू देतो, ही खोड जायला हवी.

खोल्यांचा हिशेब मांडणाऱ्यांचं म्हणणं असं की दिवसाभराचा पर्यटक बिनकामाचा. येतो, कचरा करतो, पाण्याची बाटली विकत घेतो, जातो. मुक्कामाचा पर्यटक पैसा टाकतो. यात तथ्य आहे, नाही असं नाही. मे महिन्यात आणि नाताळात तारकर्लीची काय अवस्था होते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पण मुक्काम कशासाठी करायचा हे कोणी सांगेल का? एखाद्या गावात दिवस भरला तर रात्र होते. दिवसच भरत नसेल तर खोल्या बांधून काय होणार? शिवाय कुंपणाआड बसलेल्या मोठ्या हॉटेलचा पाहुणा जेवतो आत, पोहतो आत, आणि गावात येतो तो एसी गाडीच्या काचेतून. दिवसाचा पर्यटक रिक्षात बसतो, खानावळीत जेवतो, होडीत बसतो, बाजारातून काजूगर आणि खाजं घेतो. रक्कम लहान असेल, हात पुष्कळ असतात.

सीमेवरचं किनारी गाव आपल्या सीमेवरच दिवस कसा भरतं, याचा एक परदेशातला दाखला देतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या हद्दीवर बेरिक-अपॉन-ट्वीड नावाचं गाव आहे. वस्ती बारा-तेरा हजारांची, म्हणजे वेंगुर्ला शहराएवढीच. मध्ययुगात ते दोन राज्यांमध्ये तेरा वेळा हात बदलत राहिलं असं सांगतात. शेवटी 1482 मध्ये इंग्लंडकडे गेलं ते तिथेच राहिलं. गावाची फुटबॉल टीम मात्र आजही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळते. किल्ल्याचा मोठा भाग रेल्वे आली तेव्हा पाडून टाकला गेला. ज्या दिवाणखान्यात स्कॉटलंडचा राजा कोण याचा निवाडा 1292 मध्ये झाला, तिथे आता स्टेशनचा फलाट आहे. नासधूस करण्यात गोरे आपल्याहून मागे नव्हते. पण उरलं ते त्यांनी नीट वापरलं. सोळाव्या शतकातला तट गावाभोवती आहे, त्यावरून कोणीही फुकट, कधीही फेरी मारू शकतो, आणि वाटेत जागोजाग कळतं की ही तोफ कोणाच्या दिशेने होती. सैनिकांच्या जुन्या बराकींत संग्रहालय केलं. तिथे हवा गार आणि समुद्र त्याहून गार. पोहायला काही लोक जात नाहीत. ते गाव आपली सीमा विकतं, आणि ती विकली जाते.

आपल्याकडे सीमेची एकच परंपरा जिवंत आहे: परतताना चेकपोस्टवर डिकी उघडायची आणि आत बाटल्या किती ते सांगायचं. एवढ्या रंगीत सरहद्दीचं आपण एवढंच केलं.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेला तीसेक किलोमीटरचा रस्ता घ्या. आधी आरवली. वेतोबा हा गावाची राखण करणारा देव, रात्री सीमेवर फिरतो अशी श्रद्धा. म्हणून त्याला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात असं सांगतात. सोबत केळ्यांचा घड. पुढे शिरोडा. 1930 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातले सत्याग्रही मीठ उचलायला इथे आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. दांडीचं नाव देशाला पाठ आहे, शिरोड्याचं नाव जिल्ह्यातल्या पोरांनाही धड ठाऊक नाही. मिठागरं अजून आहेत. वाफ्यांत खाडीचं पाणी घेऊन ते उन्हात आटवायचं, मग मीठ फळीने ओढून ढीग करायचे. मार्च-एप्रिलच्या उन्हात अर्धा तास उभं राहून ते काम बघितलं की सत्याग्रहाचा धडा वेगळा वाचायची गरज उरत नाही. पण पर्यटकाला तिथे उभं करायची सोय कोणी केलेली नाही, आणि मिठाचा धंदाही आता आगरवाल्यांना परवडेनासा झाला आहे. मीठ पाहायला आलेल्या माणसाने पिशवीभर मीठ चांगल्या भावाने नेलं तर त्यांनाही बरं.

मग रेडी. 1976 मध्ये खाणीत सापडलेल्या द्विभुज गणपतीला रांगा असतात. त्याच गावातला यशवंतगड त्या मानाने एकटा. ऐहोळेच्या 634 च्या शिलालेखात चालुक्य मंगलेशाने जिंकलेल्या ज्या रेवती द्वीपाचा उल्लेख आहे ते हेच, असं इतिहासकार मानतात. म्हणजे सीमेवरची हाणामारी चौदाशे वर्षांची. आणि रेडीच्या पुढे, तेरेखोल नदीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला, अचानक गोवा लागतो. तेरेखोलचा किल्ला सावंतांनी बांधला, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. त्यामुळे नदीच्या उत्तरेचा एवढासा तुकडा गोव्याचा राहिला तो आजतागायत. बाकीच्या गोव्यात थेट जायला तेरेखोलकरांना फेरीबोटीने पलीकडच्या केरीला उतरावं लागतं. महाराष्ट्रात मात्र चालत येता येतं. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं. किल्ल्यात पुढे बरीच वर्षं हॉटेल होतं. तटावर उभं राहून खालच्या नदीच्या मुखाकडे पाहिलं की कोण कोणावर नजर ठेवून होतं ते एका दृष्टिक्षेपात कळतं. मग फेरीबोटीने पलीकडे जायचं, केरीच्या वाळूत चहा प्यायचा आणि परत यायचं.

असा हा एक दिवस. यात नवीन बांधायचं जवळपास काही नाही. चार ठिकाणी स्वच्छतागृह, पाच-सहा ठिकाणी मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजीत धड लिहिलेले फलक, तीस-चाळीस स्थानिक मुलामुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण आणि ओळखपत्र, आणि एक बस जी सकाळी वेंगुर्ला स्टँडवरून निघते आणि संध्याकाळी परत येते. अडचण बांधकामाची नाही, हद्दीची आहे. इकडे महाराष्ट्राचं पर्यटन महामंडळ (एमटीडीसी), तिकडे गोव्याचं पर्यटन महामंडळ. इकडे पुरातत्त्व खातं एक, तिकडे दुसरं. इकडची टॅक्सी तिकडे गेली की वाद, तिकडची इकडे आली की वाद. मोपाच्या दारात प्रवासी कोणी उचलायचा यावरून दोन्हीकडचे टॅक्सीवाले हातघाईवर येतात. त्यांची पोटं आहेत, त्यांना दोष देणार नाही. पण दोन सरकारं बसून एका दिवसाचं एक तिकीट काढू शकत नाहीत का? गोव्याची कदंबा बस आणि आपली एसटी रोज एकमेकांच्या हद्दीत ये-जा करतातच की.

एक इशारा माझ्याच बाजूच्या लोकांना. दिवस भरायचा म्हणून सगळंच उघडायचं नसतं. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडक आहेत, त्यातल्या पाकोळी धोंड्याच्या गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून इथून ती चोरून नेली जायची. वनखात्याने आणि पक्षीप्रेमींनी मोठ्या कष्टाने ते थांबवलं. तिथे सेल्फीसाठी बोटी नेण्याची कल्पना निघाली तर ती तिथेच बुडवावी. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे गावकऱ्यांनी घरटी राखून कासव जत्रा भरवली, पिल्लं समुद्रात जाताना लोकांना दाखवली, तीही अंतर ठेवून, दिवे बंद करून. पाहू देणं आणि तुडवू देणं यातला फरक गावाला कळतो. कळत नाही तो बाहेरून येऊन वॉटर स्पोर्ट्सचं टेंडर भरणाऱ्याला.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, होड्या काठावर. तेव्हा फळ संशोधन केंद्र आहे. 1957 पासून वेंगुर्ल्यात ते काम करतं. देशभर लागलेल्या 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या काजूच्या जाती इथल्या, रत्ना आंबा इथला, जवळजवळ बिनकोयीचा सिंधू आंबाही इथलाच. कलम कसं बांधतात हे पावसाच्या तोंडावर शिकवलं तर मुंबईत गॅलरीत कुंड्या मांडून बसलेले निम्मे कोकणी लोक धावत येतील आणि जाताना दोन-दोन कलमं घेऊन जातील.

गुलदारचं संग्रहालय सुरू झालं की माणसं येणार, यात शंका नाही. पाण्याखाली ती असणार तास-दीड तास. सकाळी साडेअकराला ओल्या केसांनी धक्क्यावर उतरलेल्या कुटुंबाला पुढच्या सात तासांसाठी कुठे पाठवायचं, याचं उत्तर नगरपरिषदेने आत्ताच तयार ठेवावं. नाहीतर रिक्षावाला त्यांना जेवणासाठी एक हॉटेल दाखवेल आणि मग विचारेल, "गोव्याक जातलास काय?"